चिंता, ताण आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मासिस्ट आहे. रक्तदाबाच्या गोळीबद्दल लोक काउंटरवर मोठ्याने विचारतात. चिंतेच्या गोळीबद्दल विचारताना मात्र आधी मागे वळून बघतात, मग आवाज खाली आणतात. काहीजण तेवढंही न करता घरी जातात आणि रात्री उशिरा मेसेज पाठवतात. तेच ते प्रश्न इतक्यांदा आलेत, की उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं वाटलं. कोणाची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. तुमचा डोस तुम्हाला तपासणारे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक असावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

घाईत असाल तर आधी प्रश्न ३ वाचा. बरेचसे गोंधळ तिथूनच सुरू होतात.

१. ताण तर सगळ्यांनाच असतो. मग गोळी नक्की कोणाला लागते?

ताणाला बहुतेक वेळा कारण असतं आणि कारण सरलं की तो उतरतो. चिंतेच्या विकारात कारण संपलं तरी मन थांबत नाही. एक काळजी मिटली की तिच्या जागी दुसरी येऊन बसते. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी आणि सोबत झोपमोड, थकवा, चिडचिड, आखडलेलं अंग, कशातच लक्ष न लागणं असं असेल, तर डॉक्टर त्याला सर्वसाधारण चिंताविकार म्हणतात. अचानक येणारे पॅनिकचे झटके आणि चारचौघांत बोलायची टोकाची भीती हे याच घरातले वेगळे प्रकार.

‘जीएडी-७’ नावाची सात प्रश्नांची एक चाचणी आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, गुण ० ते २१. १० किंवा जास्त आले तर तपासून घ्यावं असा संकेत आहे. पण तो आकडा म्हणजे निदान नव्हे.

काम, झोप किंवा माणसं यांच्या आड चिंता येऊ लागली की गोळीचा विचार होतो. सौम्य त्रासात आधी समुपदेशन (प्रश्न २०). जवळचं माणूस गेल्याच्या दुःखावर गोळी नसते. पण त्या दुःखात आठवडेच्या आठवडे डोळ्याला डोळा लागत नसेल, तर थोड्या दिवसांसाठी औषधाची मदत घेण्यात कमीपणा नाही.

२. छातीत धडधड, घाम, हात थरथरतात. हे चिंतेमुळेच आहे कशावरून?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं मला नेहमीच बरं वाटतं, कारण हे ‘चिंतेमुळेच’ असेल असं नाही. थायरॉइड जास्त काम करत असेल तरी हेच होतं. रक्त कमी असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, रक्तातली साखर उतरत असेल तरीही. दम्याचा सालब्युटामॉलचा पंप, स्टिरॉइडच्या गोळ्या, नाक मोकळं करणारी स्यूडोएफेड्रिनसारखी औषधं, भरपूर कॉफी, रोजची दारू एकाएकी सोडणं, हे सगळं हुबेहूब चिंतेसारखं दिसतं. म्हणून चांगले डॉक्टर गोळी लिहिण्याआधी रक्ततपासणी सांगतात आणि तुम्ही आणखी काय काय घेता ते विचारतात. छातीत दुखणं पहिल्यांदाच होत असेल तर ‘पॅनिकच असेल’ असं घरी ठरवू नका, आधी हृदय तपासून घ्या.

३. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्यात. एक रोज घ्यायची, दुसरी ‘लागली तर’. दोन्ही चिंतेच्याच आहेत ना?

दोन्ही चिंतेच्याच, पण दोघींची कामाची तऱ्हा अगदी वेगळी.

पहिली रोजची. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही एसएसआरआय गटातली. व्हेनलाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन त्यांच्या शेजारच्या एसएनआरआय गटातली. ही औषधं मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करतात (शेजारचा गट नॉरएपिनेफ्रिन या दुसऱ्या रसायनावरही). नैराश्यासाठीही हीच देतात, म्हणून वेष्टनातल्या कागदावर ‘अँटिडिप्रेसंट’ वाचून घाबरू नका. आज घेतली आणि आज बरं वाटलं, असं होत नाही. फरक जाणवायला दोन ते सहा आठवडे लागतात.

दुसरी तातडीची. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम. हा बेन्झोडायझेपिन गट. मेंदूत शांत करणारं ‘गाबा’ नावाचं रसायन असतं, त्याचा परिणाम या गोळ्या वाढवतात. अर्ध्या-एक तासात अंग सैल पडतं. आराम खराच असतो, पण आजार त्याने बरा होत नाही, आणि रोज घेत राहिलात तर शरीराला तिची सवय होते. म्हणून ही थोड्या दिवसांसाठी, शक्यतो दोन ते चार आठवडे.

पुष्कळदा डॉक्टर दोन्ही एकदम सुरू करतात, रोजचीचा गुण येईपर्यंत तातडीचीने निभावून न्यायचं म्हणून. बेत चांगला असतो. फसतो तो घरी. जी लगेच गुण देते ती ‘खरी गोळी’ वाटते, जी तीन आठवडे काहीच करत नाही ती निकामी वाटते. माणूस रोजची सोडतो आणि तातडीची धरून बसतो. नेमकं उलटं व्हायला हवं होतं. काउंटरवर मी प्रत्येक पट्टीवर पेनने लिहून देते, ‘रोज’ आणि ‘लागली तरच’. तुमच्या फार्मासिस्टकडूनही एवढं लिहून घ्या.

४. दहा दिवस झाले, उलट जास्तच अस्वस्थ वाटतंय. बंद करू का?

एका बाईंनी एकदा माझ्यासमोर पट्टी ठेवली. दहाची पट्टी, नऊ खळगे फुटलेले, दहावी गोळी तशीच. ‘ही परत घ्या, मला मानवत नाही.’ नऊ दिवसांत त्यांची झोप आणखी उडाली होती, हात कापत होते, मळमळ होती. हे होऊ शकतं असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी त्यांना तिथूनच डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. डॉक्टरांनी डोस निम्मा केला, आठवडाभराने पुन्हा पूर्ण केला. दोन महिन्यांनी त्या नुसतीच पट्टी घ्यायला आल्या, तेव्हा आवाज खाली आणला नव्हता.

रोजच्या गोळ्यांनी पहिले एक-दोन आठवडे चिंता वाढू शकते. म्हणूनच सुरुवात लहान डोसने करतात, सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅमने, एस्सिटॅलोप्रॅम ५ ने, आणि मग वाढवतात. सहसा हा काळ जातो. आपल्या मनाने बंद करू नका, पण दात-ओठ खाऊन सोसतही बसू नका, फोन करा. मरणाचे विचार, एका जागी बसवणारच नाही अशी तगमग किंवा विचित्र उत्साह यांपैकी काही दिसलं तर मात्र वाट बघू नका (प्रश्न १८, १९ आणि २१).

५. मळमळ आणि पातळ शौच. डोक्याच्या गोळीने पोट का बिघडतं?

कारण शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन मेंदूत नसतंच, आतड्यात असतं. गोळी दोन्हीकडे पोचते. बहुतेकांना हा त्रास आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो. खाऊन झाल्यावर गोळी घेतली तर मळमळ कमी होते. डोकेदुखी, जांभया, जास्त घाम हेही सुरुवातीला दिसतं. घाम काहींचा नंतरही टिकतो.

६. सकाळी घेऊ की रात्री?

झोप उडत असेल तर सकाळी, पेंग येत असेल तर रात्री. जी वेळ ठरेल ती रोज तीच ठेवा.

७. एक डोस चुकला. आता दोन घेऊ?

नाही. त्याच दिवशी आठवलं तर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दुप्पट कधीच नाही.

फ्लुओक्सेटिन शरीरात बरेच दिवस रेंगाळतं, त्याची एखादी गोळी चुकली तर सहसा कळतही नाही. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन लवकर उतरतात. त्यांचा एक डोस चुकला तरी चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं होतं. लोक घाबरून ‘मेंदूला काही झालं का’ विचारतात. काही झालेलं नसतं, औषध उतरल्याची ती खूण आहे.

८. या गोळ्यांची सवय लागते म्हणतात. खरं का?

प्रश्न ३ मधल्या कोणत्या गोळीबद्दल विचारताय, त्यावर उत्तर ठरतं.

या बदनामीला इतिहास आहे. पहिली बेन्झोडायझेपिन, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० मध्ये बाजारात आली. १९६३ मध्ये डायझेपाम आली. त्याआधीच्या बार्बिट्युरेट गोळ्या जास्त झाल्या की सरळ जीव जायचा. त्यांच्यापुढे या सुरक्षित वाटल्या आणि जगभर वर्षानुवर्षं सढळ हाताने दिल्या गेल्या. त्या सोडणं किती अवघड आहे ते पुढे कळत गेलं. २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) या गटातल्या सगळ्याच औषधांवर गैरवापर, सवय आणि सोडतानाचा त्रास यांबद्दलचा चौकटीतला इशारा कडक केला. तेव्हा तातडीच्या गोळीची भीती निराधार नाही. रोज घेतली तर काही आठवड्यांतही शरीर तिच्यावर अवलंबून राहू लागतं, आणि तेवढ्याच गुणासाठी काहींना जास्त गोळ्या लागू लागतात.

रोजच्या गोळीचं तसं नाही. तिची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा असं वाटत नाही, तिची नशा होत नाही. मात्र एकदम थांबवली तर प्रश्न ७ मधला त्रास होतो, म्हणजे शरीर तिला सरावलेलं असतं हे खरं. हे व्यसन नव्हे, पण ‘काहीच होत नाही, कधीही सोडा’ असं सांगणाऱ्यांचंही मला पटत नाही. सोडतानाचा त्रास काहींना चांगलाच होतो आणि तो आधी सांगितला तर माणूस घाबरत नाही.

सगळ्याच गोळ्यांना ‘झोपेच्या गोळ्या’ म्हणून एका पिशवीत घातल्याने दुहेरी नुकसान होतं. जिला घाबरायला नको तिला लोक घाबरतात, आणि जिच्याबाबत जपायला हवं ती शेजारणीकडून मागून घेतात.

९. दोन वर्षं रोज क्लोनाझेपाम घेतोय. तुमचं ऐकून उद्यापासून बंद करतो.

कृपा करून करू नका. या पूर्ण लिखाणात एकच ओळ लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा : बरेच दिवस रोज घेतलेली बेन्झोडायझेपिन एकाएकी थांबवली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं.

ती पायरीपायरीने उतरवतात. दर दोन-चार आठवड्यांनी चालू डोसच्या ५ ते १० टक्के, असा संथ वेग बऱ्याच जणांना झेपतो. कधी अल्प्राझोलामसारखी लवकर उतरणारी गोळी बदलून डायझेपामसारखी रेंगाळणारी देतात, म्हणजे दोन डोसांच्या मध्ये खड्डा पडत नाही. दोन वर्षांची सवय असेल तर उतरायला कित्येक महिने लागू शकतात, आणि मध्येच त्रास वाढला तर तिथेच थोडं थांबायचं असतं. मधल्या काळात चिंता वर आली की ‘आजार परत आला’ असं वाटतं. कधी तसं असतं, कधी ते फक्त सोडतानाचे पडसाद असतात आणि काही दिवसांत विरतात. वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या. गोळीचे चतकोर पाडायचे असतील तर स्वयंपाकाच्या सुरीने नको, गोळी कापायचं छोटं यंत्र मिळतं ते घ्या.

१०. मी तर एकच गोळी घेते. तिची सवय लागेल का?

पट्टी उलटी करा आणि बारीक अक्षरं वाचा. काही देशांत एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत एकत्र मिळतात. ब्रँडचं नाव एक, आत औषधं दोन. रोजची समजून वर्षभर घेता आणि तातडीचीही तितकेच दिवस पोटात जात असते. पुढे नाव मोठ्या अक्षरांत आणि घटक मागे मुंगीएवढ्या अक्षरांत, हे मला कधीच रुचलेलं नाही. दोन घटक दिसले तर ‘दुसरं किती दिवस?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गोळी चालू ठेवा (प्रश्न ९).

११. रोजची गोळी किती महिने? बरं वाटल्यावरही कशाला?

बरं वाटू लागल्यापासून पुढे निदान सहा ते बारा महिने, असं सर्वसाधारणपणे सांगतात. लवकर थांबवली तर चिंता परतण्याचा धोका वाढतो. पहिल्यांदाच घेत असाल तर कधीतरी ती सुटेल अशी अपेक्षा रास्त आहे. वारंवार त्रास परतणाऱ्यांना जास्त वर्षं लागू शकतात.

उतरवण्यात एक खोच आहे. डोस निम्मा केला म्हणजे मेंदूवरचा परिणाम निम्मा होतो असं नाही. लहान डोसही बरंच काम करत असतो, म्हणून २० वरून १० वर येणं सोपं जातं आणि शेवटच्या ५ वरून शून्यावर येताना माणूस अडखळतो. शेवटच्या पायऱ्या मुद्दाम बारीक ठेवायच्या. काही औषधं द्रव रूपात मिळतात, त्यांनी हे जमतं. ‘एक दिवसाआड घेऊन सोडा’ हा सल्ला लवकर उतरणाऱ्या औषधांना लागू पडत नाही, रोज चढ-उतार होऊन त्रासच वाढतो. सावकाश विरघळणाऱ्या (एक्सआर, सीआर लिहिलेल्या) गोळ्या तोडू नका, कुटू नका.

१२. माझा स्वभाव बदलेल का? मी दगड होईन का?

गोळी स्वभाव बदलत नाही. बरेचजण उलट म्हणतात, ‘मी पूर्वी असा होतो, तसा परत झालो.’ पण ‘रडूही येत नाही, हसूही येत नाही’ ही तक्रार खरी आहे आणि ती मी पुष्कळ जणांकडून ऐकली आहे. अनेकदा डोस जास्त झाल्याची ती खूण असते. कमी करून किंवा औषध बदलून ते सुधारू शकतं. ‘आता चिंता नाही ना, मग झालं’ म्हणून गप्प बसू नका.

१३. विचारायला संकोच वाटतो, पण नवरा-बायकोच्या संबंधांवर परिणाम होतोय.

संकोच सोडा. इच्छा कमी होणं, परमसुखाचा क्षण उशिरा येणं किंवा न येणं हे एसएसआरआयचे अगदी नेहमीचे परिणाम आहेत, पुरुषांत आणि स्त्रियांतही. याच कारणाने कितीतरी लोक कोणाला न सांगता गोळी सोडतात आणि मग प्रश्न ७ मधल्या झटक्यांनी हैराण होतात. उपाय असतात. डोस कमी करणं, हा त्रास कमी असलेलं मिर्टाझापिनसारखं औषध देणं, किंवा जोडीला ब्युप्रोपिऑन. क्वचित गोळी बंद केल्यावरही ही तक्रार राहिल्याच्या नोंदी आहेत, तेही सुरुवातीलाच कळायला हवं. जोडीदाराला सांगून ठेवा, नाहीतर दुरावा गोळीमुळे आलाय हे समोरच्याला कळायचा मार्गच नसतो.

१४. फक्त भाषणाच्या किंवा मुलाखतीच्या वेळीच थरकाप होतो. त्यासाठी रोज गोळी घ्यायची?

नाही. प्रोप्रानोलॉल नावाचं जुनं औषध आहे, मुळात हृदयासाठीचं. ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. अ‍ॅड्रेनलिनमुळे होणारी धडधड आणि थरथर ते रोखतं. साधारण तासभर आधी १० ते ४० मिलिग्रॅम देतात. मनातली काळजी ते पुसत नाही. हात स्थिर राहिला, आवाज कापला नाही, की निम्मी लढाई आपोआप सुटते. पहिल्यांदा घेताना महत्त्वाच्या दिवशी नको, आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा.

दमा असेल तर हे औषध नको, श्वासनलिका आवळू शकते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर साखर खूप उतरल्याची धडधड ही गोळी लपवते, म्हणून डॉक्टरांना सांगा. नाडी मुळातच मंद असेल तरीही.

१५. सवय न लागणारं दुसरं काही नाही का?

बस्पिरोन आहे. सवय लागत नाही, पण गुण यायला दोन ते चार आठवडे, आणि ‘लागली तर’ म्हणून घेऊन उपयोग शून्य. हायड्रॉक्झिझिन हे अ‍ॅलर्जीचं औषध चिंतेतही वापरतात. सवय लागत नाही, पेंग मात्र बरीच येते, आणि हृदयाच्या लयीचा त्रास असणाऱ्यांनी जपायचं. प्रीगाबालिन काही देशांत चिंतेसाठी मान्य आहे आणि आठवड्याभरात गुण देतं, पण त्याचीही सवय लागते, तेही एकदम सोडायचं नसतं, आणि मूत्रपिंडं कमजोर असतील तर डोस कमी लागतो.

१६. कधीतरी थोडी दारू चालेल का?

तातडीच्या गोळीसोबत अजिबात नाही. दारू आणि बेन्झोडायझेपिन मेंदूत एकाच ठिकाणी जोर लावतात. दोन्ही मिळून श्वास मंदावतो आणि झोपेतल्या झोपेत तो थांबू शकतो. ट्रामाडॉल, मॉर्फिन, कोडीन अशा वेदनाशामकांबाबत हीच भीती. रोजच्या गोळीसोबत धोका एवढा नाही, पण दारू उतरताना दुसऱ्या सकाळी चिंता दुपटीने येते, म्हणजे औषधाने बांधलेलं आपणच पाडायचं. रोज पिणाऱ्यांनी दारूही एकाएकी न सोडता डॉक्टरांना खरं प्रमाण सांगावं.

१७. माझी बाकीची औषधंही चालू आहेत. कशाकशाचं जमत नाही?

सगळी यादी देणं शक्य नाही, माझ्या डोळ्यांसमोर वारंवार येणाऱ्या जोड्या सांगते.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन : एसएसआरआयसोबत पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. साध्या डोकेदुखीला पॅरासिटामॉल बरं. ट्रामाडॉल, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध, लिनेझोलिड हे अँटिबायोटिक, आणि ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट : यांच्यासोबत सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढू शकतं. खूप घाम, ताप, जुलाब, स्नायूंना झटके, गोंधळलेपण दिसलं तर सरळ रुग्णालय. आम्लपित्तावरचं ओमेप्राझोल : एस्सिटॅलोप्रॅमची रक्तातली पातळी वाढवतं.

स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांनी हे नक्की वाचावं. टॅमॉक्सिफेनला यकृतात रूप बदलून कामाला लागावं लागतं. पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन नेमकी तीच वाट अडवतात. अशा वेळी दुसरं औषध निवडता येतं, पण मानसोपचारतज्ज्ञांना कर्करोगाच्या गोळीची आणि कर्करोगाच्या डॉक्टरांना चिंतेच्या गोळीची खबर हवी. दोघांकडे तुम्हीच जाता, म्हणून दोन्हीकडे निरोप तुम्हीच पोचवा.

फ्लुव्होक्सामिन (हीसुद्धा एसएसआरआय गटातली रोजची गोळी) घेणाऱ्यांनी कॉफी कमी करावी. त्या औषधाने कॅफीन शरीरातून बाहेर पडायला कितीतरी पट वेळ लागतो. सकाळचा एक कप रात्री छातीत धडधडतो आणि माणूस म्हणतो, गोळी लागू पडली नाही.

१८. मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याला द्यावी की नाही?

गरज असेल तर रोजची गोळी द्यावी, पण डोळ्यांत तेल घालून. या वयात काहींना सुरुवातीला स्वतःला इजा करण्याचे विचार वाढतात. एफडीएने २००४ मध्ये मुलांसाठी याचा इशारा दिला, २००७ मध्ये तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लावला. पहिले काही आठवडे आणि डोस बदलल्यानंतरचे दिवस जपायचे. ‘कसा आहेस’ या प्रश्नाला ‘बरा’ हेच उत्तर येतं. ‘जगू नये असं वाटतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. विचारलं नाही तर तो एकटा पडतो. घरातल्या गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा.

१९. गोळी सुरू केल्यापासून बहीण रात्री तीन तासच झोपते, खूप बोलते, खर्च करत सुटलीय. चिंता गेली म्हणायची का?

नाही, डॉक्टरांना आजच कळवा. काहींचा मूळ आजार द्विध्रुवी, म्हणजे बायपोलर असतो आणि चिंता हा त्याचा वरवर दिसणारा भाग. अशांना नुसती अँटिडिप्रेसंट दिली तर मन उलट्या टोकाला जाऊ शकतं. घरात कोणाला हा आजार असेल, किंवा पूर्वी असा उधाणाचा काळ येऊन गेला असेल, तर गोळी सुरू होण्याआधीच सांगायला हवं. आजारी माणसाला तो काळ ‘बरा’ वाटतो, म्हणून तो सांगत नाही. घरच्यांनी सांगायचं.

२०. गोळीशिवाय बरं होता येत नाही का?

येतं. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी सीबीटी ही उपचारपद्धती चिंतेत औषधाच्या तोडीची मानली जाते आणि तिचा गुण उपचार संपल्यावरही टिकतो. तिला वेळ लागतो, दर आठवड्याला बसावं लागतं, घरी सराव करावा लागतो. चिंता इतकी असेल की समोरच्याचं वाक्यही डोक्यात शिरत नाही, तेव्हा गोळी आधी येते आणि तिने थोडी उसंत मिळाली की समुपदेशन सुरू होतं. काही जणांना दोन्ही लागतात. नियमित चालणं-पळणं आणि झोपेची वेळ सांभाळणं यांनीही फरक पडतो, फक्त ‘चालायला जा, सगळं ठीक होईल’ असं अंथरुणातून उठू न शकणाऱ्याला सांगू नये.

गरोदर असाल किंवा बाळाचा विचार असेल तर हा प्रश्न वेगळ्याच निकडीचा होतो. तेव्हाही स्वतःच्या मनाने गोळी थांबवू नका. उपचाराविना राहिलेली तीव्र चिंताही आई आणि बाळ दोघांना जाचते. सर्ट्रालिनचा वापर गरोदरपणात बराच होतो आणि ते अंगावरच्या दुधात फार कमी उतरतं. पॅरोक्सेटिन नव्याने सुरू करणं टाळतात. बाळंतपणाच्या तोंडावर घेतलेल्या बेन्झोडायझेपिनने बाळ सुस्त जन्माला येऊ शकतं. एसएसआरआयनंतर काही बाळं पहिले थोडे दिवस किरकिरी असतात, म्हणून बाळाच्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवायचं.

आई-वडील पासष्टीच्या पुढचे असतील तर समुपदेशनाचा पर्याय आवर्जून बघा. त्या वयात तातडीच्या गोळीने तोल जातो, माणूस रात्री उठताना पडतो, खुब्याचं हाड मोडतं, विसरभोळेपणा वाढतो. एस्सिटॅलोप्रॅम साधारणपणे दिवसाला १० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. रोजच्या गोळीने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. एकाएकी गळून गेले, असंबद्ध बोलू लागले, तर ‘वय झालं’ म्हणू नका. सोडियम तपासा.

२१. लगेच रुग्णालयात कधी न्यायचं?

गोळ्या जास्त घेतल्याची शंका असेल तेव्हा, माणूस शुद्धीत असला आणि ‘मला काही झालं नाही’ म्हणत असला तरीही. हलवून जाग येत नसेल, श्वास संथ किंवा घोरल्यासारखा ओढत असेल, फिट आली, ताप आणि गोंधळलेपणासोबत स्नायू ताठ झाले, तेव्हा. डोळ्यात अचानक खूप दुखून दिव्याभोवती वलयं दिसू लागली तेव्हाही, कारण काचबिंदूची जन्मतः ठेवण असलेल्यांत या गोळ्या क्वचित डोळ्याचा दाब चढवतात. आणि जीव द्यायचं मनात ठरलं असेल तेव्हा : अशा माणसाला एकटं सोडू नका, स्थानिक आपत्कालीन क्रमांक फिरवा.

उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. कुशीवर झोपवा. निघताना घरातल्या सगळ्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून सोबत न्या. किती खळगे फुटलेत ते मोजून डॉक्टरांना कळतं, काय आणि किती पोटात गेलंय.